रकाना भरा, मोकळे व्हा

मे महिना, जळगाव, पारा 45 वर. कूलरचा घोंगाट आणि पुढ्यात खोकंभर कॅसेटी. गाण्याच्या क्लासवाल्या गुरुजींच्या पश्चात या कॅसेटींची यादी करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. 'रचनाकार' हा रकाना दिसला की बेधडक 'पारंपरिक' लिहा आणि माउसने खालपर्यंत ओढत न्या. दोनशे ओळी दोन सेकंदांत.

अंतरा मात्र ऐकू नका. घात तिथेच होतो. बंदिशकार आपली मुद्रा, म्हणजे टोपणनावाची सही, बहुधा तिथेच गुंफून जातो. 'प्रेमपिया' म्हणजे फैयाझ खाँ, 'सुजान' म्हणजे रातंजनकर, 'गुणिदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित आणि 'गुणिजान' म्हणजे त्यांचेच शिष्य सी. आर. व्यास. दास की जान हे चाळत बसलात तर भरीत गार होईल. 'रामरंग' म्हणजे रामाश्रय झा. हे 'पारंपरिक' गृहस्थ 2009 पर्यंत हयात होते! कायद्याने त्यांच्या रचनांवर 2069 अखेरपर्यंत वारसांचा हक्क. पण 'पारंपरिक'ला कुठे वारस असतात?

'सदारंग' कानावर पडलंच, तर रागाच्या रकान्यात टाका. हसू नका, मी टाकलंय. सदारंग ही मुद्रा आणि विलंबित ही लय, तरी 'राग सदारंग, ताल विलंबित' ही ओळ माझ्या यादीत पंधरा दिवस सुखाने नांदत होती. आणि 'महम्मदशा सदारंगीले' ऐकू आलं तर रचनाकार थेट बादशहा. सदारंग म्हणजे त्याच्या दरबारातला नियामत खाँ; त्याने धन्याचं नाव आपल्या नावाला जोडलं. आपण फक्त धनी ठेवायचा.

नाट्यपदं त्याहून सोपी. 'नाथ हा माझा'समोर बालगंधर्व. 1916 च्या 'स्वयंवर'ची पदं खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, असेना का. कव्हरवर फोटो ज्याचा, गाणं त्याचं.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंचंच बघा. सोपानदेवांनी ओव्या वहीत उतरवून घेतल्या, म्हणून 1952 मध्ये त्या आईच्या नावाने छापून आल्या. नाहीतर आज 'खान्देशी लोकगीत, पारंपरिक' असा एका ओळीत निकाल लागला असता.

खोक्याच्या तळाशी गुरुजींच्याच आवाजातली एक कॅसेट निघेल. आतल्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात असेल: 'अहिरभैरव. माझी. पहाटे 4 ला सुचली, लाइट नव्हती.'

पेन्सिलनेच लिहिलंय. खोडरबराने जातं.