“झाडाचंच आहे की!”

आज राजारामपुरीत मोठ्या वहिनींकडे गेलो होतो. तेथे त्यांच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी एल्डरबेरी नावाच्या झुडपाच्या फळांपासून केलेल्या गमीजची (चघळायच्या मऊ गोळ्यांची) बाटली दिसली आणि अंगाचा तिळपापड झाला. पावसाळ्यात सर्दी-तापाला बरे म्हणून अमेरिकेतील भाच्याने ती पाठवली आहे. मी विचारताच वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, झाडाचंच आहे की, त्यानं काय होतंय?”

वहिनींना त्यांच्या आईने किडनी दिलेली आहे. शरीराने ती नाकारू नये म्हणून त्या टॅक्रोलिमस वेळ न चुकवता घेतात. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणे हाच त्यांचा उपचार आहे. आणि त्याच डब्याला खेटून “प्रतिकारशक्ती वाढवते” असे ठळक छापलेली बाटली! डॉक्टरांना विचारा, ही सूचना मात्र मागे इतक्या बारीक अक्षरांत, की चष्मा लावूनही वहिनींना ती वाचता आली नाही. याचा संताप येणार नाही तर काय होईल?

एल्डरबेरीची पिकलेली फळे शिजवून युरोपात पिढ्यान्‌पिढ्या सरबत आणि मुरंबा करतात, त्याला माझी हरकत नाही. परंतु त्याच झुडपाची पाने, देठ आणि कच्ची फळे यांत पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात पाना-देठांसकट चिरडलेल्या, न शिजवलेल्या फळांचा रस पिऊन ११ जण आजारी पडले आणि त्यांपैकी ८ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. तेही झाडाचेच होते.

काही छोट्या चाचण्यांत फ्लू थोडा लवकर ओसरल्याचे दिसले, हे मान्य. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत तसा काही फायदा आढळला नाही. एवढ्या अनिश्चित लाभासाठी आईने दिलेली किडनी पणाला लावायची?

भाच्यावर राग धरवत नाही. इतक्या दूर राहून मावशीची आठवण ठेवणारी मुले किती असतात? राग आहे तो “साइड इफेक्ट शून्य” असे रेटून सांगत विकणाऱ्यांवर.

घरात कोणाचे प्रत्यारोपण झाले असेल, कोणी आमवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर अशी बाटली उघडण्यापूर्वी ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची चिठ्ठीही सोबत न्यावी.