कान गेल्याची पण भरपाई असते
कामगारांच्या भरपाईवरच्या या लेखात नुसतं अपघाताचं लिहिलंय, कामामुळे होणाऱ्या आजारांवर एक ओळ पण नाही. आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर (पत्रा कापायचं-दाबायचं दणदणाटी मशीन) उभी हयात घालवलेली माणसं बघा, घरी टीव्ही फुल्ल अन् तरी म्हणतात ऐकू येईना. आवाजाने आलेला बहिरेपणा 1923 च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत होता, नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता 2020 च्या तिसऱ्या शेड्यूलमध्ये पण आहे, सिलिकोसिस (धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) पण आहे, आणि बहिरेपणात एकाच मालकाकडे सलग 6 महिने भरले असतील तर आजार कामामुळेच धरतात, नाही म्हणायचं तर मालकाने सिद्ध करायचं. पण कंत्राटी पोरांना मधेच ठेकेदार बदलून नवीन जॉइनिंग दाखवतात, मग सलग कुठून येणार?? (पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापत असतील तर क्लेम तिकडेच करायचा, मालकाकडे वेगळा चालत नाही.) कामाला लागतानाच ऑडिओमेट्री (कानाची ऐकण्याची तपासणी) करून रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा रे, कंपनीच्या फाइलीवर भरवसा नको.