स्वस्तातला वाइडस्क्रीन मॉनिटर घेताय? मग एवढं कराच

चवथीच्या ऑफरमध्ये मॉनिटर घ्यायचा असेल तर एक करा, डोकं घरी ठेवून दुकानात जा.

इंच बघा, फक्त इंच. 24 पेक्षा 27 मोठा, विषय संपला. दोन्हींत पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, तेवढेच, 1920 बाय 1080, म्हणजे इंचाला 92 च्या जागी 82 आणि अक्षरांच्या कडा फाटलेल्या, पण हे दुकानात बोलू नका, मागचं गिऱ्हाईक खोळंबतं.

'1 एमएस', म्हणजे एक मिलिसेकंदाचा वेग, छापलंय? उचला. जीटीजी (पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ) की एमपीआरटी (हलत्या चित्रात पिक्सेल किती वेळ दिसत राहतो तो) असं विचारणारी माणसं कुणालाच आवडत नाहीत.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र, तर हवाच हवा. पॅनलचा उजेड 250 निट्सचा असेना का, व्हेसा या स्क्रीनची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एचडीआर सर्टिफिकेटची सगळ्यात खालची पायरी 400 ची असेना का, स्टिकर बघा कसा चमकतोय.

स्टँड वर-खाली होत नाही? जुनी टेलिफोन डिरेक्टरी असेलच माळ्यावर.

आणि दुकानात चालू करून बघायचा हट्ट अजिबात धरू नका. सील तोडलं तर बदलून मिळत नाही म्हणे, आणि न तोडता नेलं तर घरी सील तोडणारे तुम्हीच, मग तर बदलून मिळतच नाही! माझ्या नव्याकोऱ्या मॉनिटरवर बरोब्बर मधोमध एक पांढरा ठिपका आहे, कायम पेटलेला, एक्सेल उघडलं की कुठल्या ना कुठल्या आकड्यावर बसलेला. कस्टमर केअरची बाई पिनकोड ऐकून म्हणाली, फोंडा म्हणजे पणजीच ना सर? बरं बाई, पणजी. मग भर पावसात टेक्निशियन आला, रेनकोट पण न काढता मोबाइलवर फोटो मारला आणि म्हणाला, "पात्रांव, पॉलिसीत बसता हें." पॉलिसी म्हणजे आयएसओ 9241-307, स्क्रीनचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यातला क्लास 2: दर दहा लाख पिक्सेलमागे कायम पूर्ण पेटलेले 2 चालतात. माझ्या स्क्रीनवर वीस लाखांच्या वर पिक्सेल, म्हणजे 4 पर्यंत कंपनी निवांत. म्हटलं, अजून चार पेटले की फोन करू? तर 'हां' म्हणाला, आणि तो मस्करी करत नव्हता हो!

अरे मग ही पॉलिसी बॉक्सवर छापायला काय होतं तुम्हाला? 1.67 कोटी रंग छापायला जागा आहे, एचडीआर छापायला आहे, आणि हे मात्र वेबसाइटच्या तळघरात! आणि तुम्ही घेणारे पण कमाल आहात, बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघता, आणि हजारो रुपयांची वस्तू सीलबंद उचलून रिक्षात टाकता? आख्खा काळा, आख्खा पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच फोटो पेनड्राइव्हवर न्या, दुकानातल्याच पीसीला लावायला सांगा, जवळ जाऊन नीट बघा. ठिपका निघाला तर बदलून देणार हे बिलावर लिहून घ्या. लिहून देत नाही म्हणतो? सरळ बाहेर या, मडगावला दुकानं आहेत, म्हापशाला आहेत.

आणि दुकानदारसाहेब, तुमच्या डेमोच्या मॉनिटरवर एकही ठिपका कसा नसतो हो?