येताना घाट लागतो

लेकीकडे न्यूयॉर्कला जायचं तिकीट आलं आणि पंचवटीतल्या आत्याने तेच विचारलं, जे तोवर अख्ख्या वाड्याने विचारून झालं होतं. "किती तास लागतात रे?"

मी तिकीटच पुढे धरलं. आत्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मुंबईहून निघायचं रात्री 1 वाजता, पोचायचं सकाळी 7:30 ला. तारीख तीच.

"साडेसहा तास! पुण्याची एसटी नाशिक फाट्याला अडकली की तेवढे होतातच. उगाच अमेरिका अमेरिका करता."

"आत्या, 16 तास लागतात गं. तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. हिवाळ्यात साडेदहा."

हिवाळ्याचं बोलायला नको होतं.

"का? थंडीत विमान सावकाश चालतं?"

तेवढ्यात शेजारचे काका आले. काकांचं म्हणणं, पृथ्वी फिरतेच आहे, तर विमानाने नुसतं वर थांबावं, न्यूयॉर्क आपोआप खाली येईल. म्हटलं, काका, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. नाहीतर संक्रांतीला पंचवटीत कटलेला पतंग मिनिटभरात त्र्यंबकला पोचला असता. काका गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. चहा आला होता.

मग मी पुतण्याचा पृथ्वीगोल काढला. आत्याच्या फुलपुडीचा दोरा सोडवला, त्याला अजून झेंडूची एक पाकळी चिकटलेली. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणला, तर दोरा सरळ पश्चिमेला जाईना. सरकत सरकत पार आइसलंडच्या बाजूला चढला. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच, सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात तो वळसा वाटतो, एवढंच.

आत्याने दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फिरवून नेतात मेले. सीबीएस स्टँडवरचे रिक्षावाले बरे."

तिने पान उलटलं. परतीचं तिकीट. तिकडून सकाळी 11:30 ला निघायचं, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30.

"जाताना साडेसहा आणि येताना 24?"

खरं तर सगळं उलटं आहे. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. म्हणून येताना साडेचौदा तासांतच उरकतं. तिकिटावर मात्र लांबचा प्रवास जवळचा दिसतो आणि जवळचा लांबचा. मी हातवारे करकरून सांगितलं. वारा दाखवताना काकांचा कप लवंडला.

आत्याने शांतपणे चष्मा कपाळावर चढवला.

"एवढं कशाला सांगतोस? जाताना कसारा उतरायचा, येताना चढायचा. वेळ लागणारच. आण तो दोरा इकडे, हार ओवायचाय."