सहासष्ट रुपयांचा दाता

आमच्या गावच्या वाचनालयात शिरल्याबरोबर डाव्या हाताला काळ्या ग्रॅनाइटचा एक फलक गेल्या सोमवारी लागला आहे. 'नूतनीकरणास सढळ हस्ते साह्य करणारे दाते' असे त्याचे शीर्षक आहे. पहिल्या ओळीत पंचवीस हजार एक रुपये देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याखाली पोलादी कपाट देणारे एक कुटुंब आहे, मग दोन पंखे, मग पाच हजार एक, एक हजार एक, पाचशे एक अशी उतरती भाजणी लागते, आणि अगदी तळाशी, जिथे रंगाऱ्याला मांडी घालून बसावे लागले असेल अशा उंचीवर, माझे संपूर्ण नाव असून त्यापुढे 'रु. ६६/-' असे सोनेरी अक्षरांत लिहिलेले आहे. रकमेचे मला तितकेसे वाईट वाटत नाही, पण 'सढळ हस्ते' हे दोन शब्द मात्र रात्री झोपू देत नाहीत.

फलक लागल्या दिवशीच आमच्या वाड्यावरच्या एका मास्तरांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "देवळाच्या वर्गणीलाही तुम्ही असाच सुटा हिशेब करता का हो?" केशकर्तनालयात दाढीचा साबण फेसाळत असताना मागच्या बाकावरून कोणीतरी "सहासष्ट" एवढेच म्हणाले आणि सगळे खोकू लागले. वास्तविक मी या वाचनालयाला एक पैसाही दिलेला नाही. तो माझ्याकडून वसूल करण्यात आला आहे, आणि त्या वसुलीत माझ्या बाजूने एक वकील उभे राहिले नसते, तर रक्कम तेहतीसच राहिली असती.

ऑक्टोबरच्या २४ तारखेला मी एक जाडजूड चरित्रग्रंथ घरी नेला. मुदत चौदा दिवसांची, म्हणजे ७ नोव्हेंबरपर्यंत. २७ ऑक्टोबरला वाचनालयाच्या दारावर 'नूतनीकरणासाठी दहा दिवस बंद' असा कागद लागला. हे दहा दिवस १२ जानेवारीला संपले. मधल्या काळात मी ते पुस्तक परत करण्यासाठी चार वेळा गेलो आणि चारही वेळा वाळूच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या रखवालदाराने ते हातात घ्यायचे नाकारले. त्याचे म्हणणे असे की, त्याला फक्त सिमेंटच्या पिशव्या मोजून घ्यायचा हुकूम होता.

उशिराची कारणे मात्र अस्सल आमच्याकडची होती. उद्घाटन आधी १४ ते २० नोव्हेंबरच्या राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताहात होणार होते, मग १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनी होणार होते आणि मग नाताळात. बाहेर खांबावर कागदी नक्षत्र लटकले, शेजारच्या वाड्यावर नाताळाचा गोठा उभा राहून मोडलाही, पण आत भिंतींना दुसरा हात लागेना. कारण रंगारी जत्रेच्या नाटकात राजा होता. कार्तिक सरला की आमच्याकडे जत्रा आणि काले यांची रांग लागते, प्रत्येक जत्रेला नाटक लागते आणि प्रत्येक नाटकाला राजा लागतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गोव्यात ज्याने घराचे काम काढले त्याला सुतार, गवंडी किंवा रंगारी यांपैकी एक तरी सिंहासनावर असल्याचे ऐकावे लागतेच. आमचा राजा तीन गावांत मेला आणि चौथ्या गावी विजयी झाला, तेव्हा कुठे भिंती पांढऱ्या झाल्या. माझे नाव त्यानेच लिहिले आहे. त्यातल्या 'र' ला त्याने जो फराटा मारला आहे, तो पाहून पडदा वर जाईल असे वाटते.

तर १२ जानेवारीच्या सकाळी मी पुस्तक घेऊन गेलो. दारातच 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी होती, कारण आत आरशासारख्या गुळगुळीत नव्या लाद्या बसवल्या होत्या. पूर्वीच्या तांबड्या कोब्याच्या जमिनीवर चार पिढ्या चपला घालून वाचत्या झाल्या, पण तिची कोणाला एवढी काळजी नव्हती. आमच्याकडची थंडी म्हणजे पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो इतकीच. उत्तरेकडचा माणूस अशा हवेत बनियनवर फिरेल. परंतु ती लादी विशीच्या हिशेबातली नव्हती. काउंटरपर्यंत मी अक्षरशः टाचांवर गेलो.

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिले आणि ती नम्रपणे म्हणाली, "सर, सहासष्ट दिवस उशीर आहे. पन्नास पैशांप्रमाणे तेहतीस रुपये."

मी म्हणालो की, वाचनालयच बंद होते. ती म्हणाली की, ते खरे आहे, पण संगणक चालू होता. मी खिशात हात घातला. तिथेच हे प्रकरण मिटले असते, आणि आज त्या फलकावर पाचशे एकाच्या खाली स्वच्छ काळा दगड दिसला असता.

"थांब!" असा आवाज वृत्तपत्रांच्या बाजूने आला. तो भाईंचा होता. भाई मुक्तीपूर्वी सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज शाळेची परीक्षा, उत्तीर्ण झालेले आणि नंतर लेखा खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. तुळशीच्या लग्नाला ते माकडटोपी चढवतात आणि रथसप्तमीला उतरवतात, आणि मधल्या काळात ऊन कितीही तापले तरी त्या वेळापत्रकात बदल होत नाही. वाचनालय बंद असतानाही ते रोज सकाळी येऊन सिमेंटच्या पिशवीवर बसून स्वतःच्या घरचे वर्तमानपत्र वाचत असत, असे सांगतात.

"कितें जालें?" त्यांनी विचारले. मी सांगू लागलो. "तूं उगी राव," ते म्हणाले आणि मुलीकडे वळले. पुढचे संभाषण कोकणीत झाले, ते मी मराठीत देतो. आमच्याकडे भांडण कोकणीत आणि त्याचा तक्रार अर्ज मराठीत, अशी फार जुनी वाटणी आहे.

"बाय, दार कोणी बंद केले?"

"समितीने, भाई."

"मग दंड कोणाला?"

"वाचकाला."

"म्हणजे पोदेराने पाव दिला नाही आणि पैसे मात्र माझ्याकडून घेतले!"

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला आणि मी मान डोलावली. ती माझी चूक झाली, कारण मान डोलावणारा पक्षकार मिळाला की वकिलाला थांबण्याचे कारण उरत नाही. भाईंनी प्रथम पणजीपासून सुरुवात केली. १८३२ साली पणजीत 'पब्लिका लिव्रारिया' निघाली, ती देशातल्या जुन्यातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तरुणपणी आपण तिथे जात असू, तेव्हा ती मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूत होती, आणि दर्शनी भिंतींवर निळी चित्रे काढलेल्या अशा लाद्या होत्या की वाचायला गेलेला माणूस त्याच पाहत उभा राही. लादी असावी तर भिंतीवर, पायाखाली नव्हे! आता ते ग्रंथालय पणजीच्याच पाटो भागातल्या मोठ्या इमारतीत गेले आहे आणि त्याला कृष्णदास शामांचे नाव आहे. कृष्णदास शामा केळशीचे. त्यांनी १५२६ साली कृष्णचरित्र लिहायला घेतले. भाई मुलीला म्हणाले, "पाचशे वर्षांमागे आमचा माणूस ओव्या लिहीत होता, आणि तुम्हांला एक दार उघडायला अडीच महिने?"

मुलगी म्हणाली, "भाई, मी नोव्हेंबरमध्येच रुजू झाले."

एवढ्यात माझ्या मागे तीन माणसे उभी राहिली होती. नव्या भिंतीवर रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मोठ्या अक्षरांत रंगवली आहेत, आणि त्यांतले 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथे नेमके माझ्या डोक्यावर होते. पाचवे सूत्र, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे. त्याचा अर्थ मला पुढच्या दहा मिनिटांत समजला.

भाईंनी नियमावली मागितली. ती खोक्यात होती. खोकी पडवीत गोणपाटाखाली होती. इथे मला थोडे थांबून सांगितले पाहिजे की, त्या गोणपाटाखाली मासिकांचे जुने बांधीव अंकही आहेत. पावसाळ्यात आमच्याकडे पुस्तक अंगाने फुगते, पानांना बुरशीचे ठिपके येतात, कसर शिवणीतून शिरते आणि वाळवी तर ओल्या भिंतीतून थेट फळीवर येते. त्या पुस्तकांना वारा आणि कोवळे ऊन देण्याचे वर्षातले खरे दिवस म्हणजे हे हिवाळ्याचे, आणि नेमक्या याच दिवसांत ती गोणपाटात कोंडली गेली. खिडक्यांच्या जागी आता न उघडणाऱ्या काचा आहेत, कारण वातानुकूलन बसवले आहे, आणि वातानुकूलन बंद आहे, कारण वाढीव वीजभाराची मंजुरी आलेली नाही. वृत्तपत्रांचे लांब टेबल, ज्याभोवती चौदा माणसे बसत, ते गेले. त्या जागी सहा माणसांचा सोफा आला आहे, ज्यावर बसले की वर्तमानपत्र पोटावर येते आणि झोप लागते. हे मी समितीला लिहून दिले आहे. उत्तर आलेले नाही.

असो. भाईंनी रखवालदाराकडून खोके आणवले, टोपी किंचित वर सरकवून कान मोकळे केले, चष्मा पुसला आणि नियमावलीचे एकेक पान ते मोठ्याने वाचू लागले. बंद काळात दंड माफ असल्याचे कलम काही निघेना. अकराव्या पानावर मात्र टाचणीने लावलेला एक ठराव निघाला. भाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि विजयी मुद्रेने मुलीसमोर आपटला.

"बाय! हे पाहा! एक एप्रिलपासून दर पन्नास पैसे नाहीच! दर दिवसाला एक रुपया आहे! तू चुकीचा दंड लावतेस!"

क्षणभर तिघेही गप्प झालो. मुलगी माझ्याकडे पाहू लागली आणि मी भाईंकडे. भाईंनी वर्तमानपत्राच्या समासात हिशेब केला. त्यांची आकडेमोड अजून पोर्तुगीजमध्ये चालते. "त्रिंता इ त्रेश... दोनदा... सेसेंता इ सैश!" असे म्हणून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चाळीस वर्षे लेखा खात्यात काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, रक्कम बरोबर जुळल्यावर जे समाधान उमटते, ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटले होते. ती रक्कम कोण भरणार, हा प्रश्न त्या समाधानाच्या आड येत नव्हता.

"भाई, तुम्ही माझ्या बाजूने होता ना?" मी हळूच विचारले.

"मी नियमाच्या बाजूने आहे," भाई म्हणाले. "नियम आज तुझ्या बाजूला नव्हता, त्याला मी काय करू?"

मी सत्तर रुपये काढले. सुटे चार रुपये मिळाले नाहीत. 'पुढल्या वेळी' असे ठरले. मग पावतीचा प्रश्न आला. दंडाचे पावतीपुस्तक कोणत्या खोक्यात आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. वर होते ते फक्त देणग्यांचे, नूतनीकरणासाठी खास छापून घेतलेले गुळगुळीत पुस्तक. पावतीवाचून जायला मी तयार होतो, पण भाई नव्हते. "१५५६ साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात उतरला," ते कडाडले, "आणि तुमच्याकडे छापील पावती नाही?" मुलीने निमूटपणे देणगीचे पुस्तक उघडले, माझे नाव लिहिले आणि आकडा घातला. स्थळप्रत पुस्तकात राहिली. महिनाअखेर खजिनदारांनी स्थळप्रतींवरून यादी केली, यादी रंगाऱ्याकडे गेली आणि राजाने ती दगडावर उतरवली.

बाहेर पडताना मी भाईंना सहज विचारले की, त्यांना कधी दंड झाला आहे का. ते म्हणाले, "मी पुस्तक घरी नेतच नाही. त्यात धोका आहे."

काल मी नाव काढून टाकण्याची विनंती करायला गेलो. कार्यवाह म्हणाले की, दगडावरचे नाव खरवडले तर डाग राहतो आणि शिवाय त्यासाठी समितीचा ठराव लागेल. समितीची बैठक जत्रा आटोपल्यावर. भाई सोफ्यात अर्धे बुडून बसले होते, तिथूनच त्यांनी तोडगा काढला. "आणखी पस्तीस भर," ते म्हणाले. "एकशे एक होतील. शकुनाचा आकडा. दोन सहा पुसून तिथे एक, शून्य, एक घालायचे. रंगारी पाच मिनिटांत करील. लोक विसरतील."

सूचना अपमानकारक होती, पण तिच्यात तथ्य होते. मी पस्तीस रुपये सुटे मोजून काउंटरवर ठेवले, जुने चार रुपये मागितले नाहीत, आणि मुलीने तत्परतेने पावती फाडून माझ्या हातात दिली. घरी येऊन चष्मा लावून पाहिले. देणगीचे पुस्तक परवाच हिशेबतपासणीला गेले आहे, आणि दरम्यान नेमके ते हरवलेले खोके सापडले आहे. पावतीवर 'विलंब शुल्क' असे छापलेले आहे.