पावसात टायरची हवा उतरवणाऱ्यांसाठी

ताम्हिणीमार्गे कोकणात निघालेला माझा भाचा आदल्या संध्याकाळी चारही टायरची हवा उतरवून आला. का, म्हटलं तर फोन पुढे केला: "पावसाळ्यात हवा 8 पीएसआय कमी ठेवा, रबर जास्त टेकतं, ग्रिप वाढते." (पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप.) खाली आणखी तीन उपदेश होते. स्टीअरिंग जितकं घट्ट तितकी ग्रिप जास्त. रुंद टायर पावसात सुरक्षित. दोनच नवे टायर घेतलेत तर ते पुढे घाला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हेच फिरतंय, खाली अंगठ्यांची रांग.

आधी हवेचं, कारण जीव त्यात जातो. हवा कमी केली की टायर जास्त टेकतो, हे खरंय. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी रुतली की हवा उतरवतात ती त्यासाठीच. पण ओल्या डांबरावर रबर किती टेकतं याच्या आधी मधलं पाणी वेळेत बाजूला होतं का ते बघावं लागतं, आणि पाणी ढकलायला दाब लागतो. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी 1963 मध्ये विमानांच्या टायरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या सूत्रानुसार टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. 32 पीएसआयला तो ताशी सुमारे 94 किलोमीटर येतो, 24 ला 82. हे गणित गुळगुळीत टायरचं, किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असेल तेव्हाचं. चांगल्या खाचा थोडी सवलत देतात. पण हवा उतरवून तो वेग वाढत नाही, घटतोच. मुळशी सोडल्यावर डोंगराचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं तिथे हे करून जायचं?

त्यात भर म्हणजे साइडवॉल, टायरची बाजूची भिंत, लुळी पडते. स्टीअरिंग वळवलं की आधी ती वाकते, मग गाडी वळते. ग्रिप तर गेलीच, हाताला लागणारा अंदाजही गेला. आणि हेच टायर एक्सप्रेसवेवर ताशी 100 ने पळवले की वाकून वाकून तापतात आणि फुटतात.

आता घट्ट स्टीअरिंग. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. वळणावर टायर स्वतःला सरळ करू बघतो, तो ताण हाताला लागतो. पण गंमत अशी की वळण आवळत नेलं तर हा ताण आधी उतरू लागतो, पकड त्यानंतर संपते. म्हणजे स्टीअरिंग हलकं पडणं हा इशारा आहे, आणि तो नीट देणारा टायर वेगळा, नुसती चिकट पकड देणारा वेगळा. काही महागडे टायर शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि मग न सांगता सुटतात. साधे टायर लवकर किंचाळतात, हळूहळू सुटतात. रोजच्या गाडीला मी तेच घालीन. शिवाय इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या काही गाड्यांत स्पोर्ट मोडचं बटण दाबलं तरी स्टीअरिंग घट्ट होतं. बटणानं ग्रिप वाढली का?

रुंद टायर कोरड्यात बरे. पावसात त्यांना जास्त रुंद पट्ट्यातलं पाणी हटवावं लागतं, म्हणून ते लवकर तरंगतात.

नवी जोडी मागेच घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बहुतेकदा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं तुमच्याआमच्या हातचं नाही.