खाड्याचे पैसे

गेले दोन आठवडे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद चाललाय. इचलकरंजीतल्या आमच्या कबड्डी मंडळाला कोकणात तीन दिवसांच्या स्पर्धेला जायचं होतं. यंत्रमागावर आणि सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये कामाला असलेल्या तीन पोरांनी मंडळाकडं खाड्याचे पैसे मागितले. बक्षिसात वाटा नाही, मानधन नाही, फक्त बुडालेल्या तीन दिवसांची मजुरी. जुन्या खेळाडूंनी नकार दिला. दादानं ग्रुपवर लिहिलं, ‘खेळाची मजुरी मागणारा खेळाडू नव्हे.’ त्याखाली पंचवीस अंगठे.

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सला राहतो. हे वाक्य इथं 1893 मध्येच बोलून झालंय. रग्बीत यॉर्कशरच्या क्लबांनी तेव्हा लंडनच्या सभेत ठराव मांडला होता, की सामन्यासाठी गिरणीत किंवा खाणीत खाडा पडला तर त्याची भरपाई द्यायला परवानगी द्या. ठराव 136 विरुद्ध 282 मतांनी पडला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं दादासारखंच होतं, पैसा आला की खेळ बाटतो. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना शनिवारी सकाळी कुठल्या साहेबाची परवानगी काढावी लागत नव्हती. शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब वेगळे झाले. भरपाई किती, तर दिवसाला सहा शिलिंग. एवढ्यावरून एका खेळाचे दोन खेळ झाले, जुन्यांची रग्बी युनियन आणि उत्तरेची रग्बी लीग, आणि लीगकडं गेलेल्या माणसाला जुन्या संघटनेचं दार कायमचं बंद. बरोबर शंभर वर्षांनी, 1995 मध्ये, त्याच रग्बी युनियननं खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला मान्यता दिली.

यावर दादा म्हणाला, ‘म्हणजे तुझं रग्बी लीग धंदेवाईक झालं की नाही?’ काही क्लब झाले. पण गल्लीतले संघ हौशीच राहिले आणि 1973 पर्यंत मरायला टेकले. तेव्हा पुन्हा हडर्सफील्डमध्येच हौशी क्लबांनी स्वतःची संघटना उभी केली. धंदेवाईक क्लबांनी आधी तिला मान्यताच दिली नाही, पुढच्या वर्षी द्यावी लागली. 1986 मध्ये तिची लीग सुरू झाली, ती आज नॅशनल कॉन्फरन्स लीग म्हणून चालते. नाव नॅशनल, पण बहुतेक संघ यॉर्कशर, लँकेशायर आणि कंब्रियाचे. 2012 पासून ती उन्हाळ्यात खेळतात. सामना शनिवारी अडीचला, म्हणजे बहुतेकांचा खाडा पडतच नाही. हौशी खेळ असा सांभाळायचा असतो.

आमच्या टेकडीवरचा सिडल क्लब याच लीगमधला. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅनडाचा टोरांटो वुल्फपॅक हा पूर्णवेळ पगारी संघ आयुष्यातला पहिला अधिकृत सामना खेळायला इथं आला. शनिवारी मैदानावर, सोमवारी कामावर अशी आमची पोरं. टोरांटो 14-6 नं जिंकला खरा, पण घाम फुटला होता. 2020 मध्ये पैसे संपले आणि टोरांटोनं हंगाम अर्ध्यात सोडला. सिडल खेळतोय.

मी शनिवारी रेषेजवळ पाण्याच्या बाटल्या धरून उभा असतो. मागं एकदा भिंतींना प्लास्टर करणाऱ्या एका पोराचं बोट निखळलं. क्लबच्या बाईनं ते बसवलं, शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलं. पोरगा मूठ उघडमीट करत राहिला. दुखतंय का हे तो सांगतच नव्हता, सोमवारी थापी धरता येईल का एवढंच विचारत होता. मला आमचा माग आठवला.

कारण दादा फुकट खेळला हे खरं नाही. तो सांगली-साताऱ्याला सामन्यांना जायचा तेव्हा त्याची पाळी बाबा करायचे, स्वतःची संपवून, लगेच. मी शाळेतून आलो की आई कांड्या भरायला बसवायची. पहाटे बाबा दारात यायचे तेव्हा भुवयांवर कापसाची तूस असायची. दादाचा खाडा बाबांनी भरला. या पोरांच्या घरी दुसरी पाळी करणारं कुणी नसेल, तर त्यांनी काय करायचं? हे मी ग्रुपवर लिहिलं. अंगठा एकही आला नाही.

मग मी म्हणालो, तिघांचे पैसे मी पाठवतो. दादाचा रात्री फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ‘तुझे पौंड नकोत. नऊ वर्षांत एक सामना बघितलास का? आपल्या संघात कोण कोण आहे, सांग.’

मला सांगता आलं नाही. सिडलचे तेराच्या तेरा खेळाडू मी पाठीवरून ओळखतो. कोण नुकता बाप झालाय, कुणाचा गुडघा बरा नाही, सगळं ठाऊक. ज्या मंडळाला मी ‘आपलं’ म्हणतो तिथला एकही चढाईपटू मला माहीत नव्हता. आणि इथं इतकी वर्षं उभा राहूनही, सामना संपल्यावर बारजवळच्या जुन्या गप्पा सुरू झाल्या की त्यांतलं एकही वर्ष माझं नसतं. माझी वर्षं दादाकडं आहेत.

मी म्हणालो, ‘नाही माहीत. तूच सांग.’

त्यानं सातही नावं सांगितली. कोण कुठल्या कारखान्यात, कोण दिवसपाळीला, कोण रातपाळीला, तेही मी न विचारता सांगितलं.